हिरडी परत येत नाही

रविवार, १२ फेब्रुवारी
दुपार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेत. थोरलीने धाकट्याला द्यायचे असतात म्हणून आहेत. आज ते मनापासून निघतील अशी माझी स्थिती नाही. तू बरा असशील, गुडघा कुरकुरायचा थांबला असेल, दुकानात गिऱ्हाईक असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. घसा बसलाय, पण पगारवाढीची बोलणी सुरू झाली की तो बसतोच. अक्षर वाकडं येतंय तिकडे लक्ष देऊ नकोस. उजव्या हाताच्या बोटाला लागलंय.

पाकीट बघूनच तू ओळखलं असशील. आपल्या घरात भांडण कागदावर करायचं, हा बाबांचा नियम. तुझी जीभ अडखळायची आणि माझी थांबायची नाही. तोंडी भांडणात तू दरवेळी हरायचास, हे बघून त्यांनी दोघांच्या हातात पेन्सिली दिल्या आणि म्हणाले, "आता भांडा. आता बरोबरीचं होईल." बरोबरीचं कुठलं! माझी चार पानं असायची आणि तुझ्या चार ओळी, आणि झोंबायच्या त्या तुझ्या ओळी.

आधी युनियनची बातमी. गोदामवाले अजून ताठ आहेत. परवा मालकांचा वकील मला म्हणाला, "मॅडम, जरा आवाज खाली." मी म्हटलं, "तुम्ही पगार वर करा, आवाज आपोआप खाली येईल." आमची माणसं हसली, वकील हसला नाही. ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी आणखी एकीचा पाय मोडला. भोंग्याची बॅटरी संपली आहे, त्यामुळे गेटसभेला मी नुसत्या घशावर बोलते. असं सगळं आहे.

आता मुद्द्यावर येते.

शुक्रवारी सकाळी भिंगरी टोस्ट खाताना थांबली. तोंडावर हात धरून बसली. विचारलं तर मान हलवली. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, ती पोर तोंड धरून कशी निश्चल बसली होती, हे तू बघायला हवं होतंस. चहात बुडवून मऊ केलेला टोस्टही तिला चावता येत नव्हता. मी तिला तशीच उठवून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला, आत बघितलं आणि सुरुवात केली ती प्रवचनानं. "काय हे? चांगल्या घरातल्या ना तुम्ही? जिभेला भोक पाडून काय मिळतं या मुलींना?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या दोन्ही कानांना भोकं आहेत, नाकाला एक आहे. ती पाडताना तुम्हाला कुणी विचारलं होतं? हिला विचारलं होतं. हिनं होय म्हटलं होतं. शरीर तिचं आहे. तुम्ही दात बघा, चारित्र्य बघू नका."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं भाषण झालं असेल तर इकडे या आणि आरशात बघा."

मी बघितलं. खालचे पुढचे दात, त्यांची मागची बाजू, जिथे जीभ टेकते ती. दाताभोवती हिरडीची गुलाबी कड असते ना घट्ट बसलेली, ती मधल्या दोन दातांना नव्हतीच. खाली सरकली होती, फाटल्यासारखी, लालभडक. आणि दाताचं मूळ उघडं, निस्तेज, पिवळट. डॉक्टरीणबाईंनी खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये घातली. धड हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर जाते म्हणे. इथे सात गेली. मग दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये धरून दात हलवला, आणि तो हलला, धाकट्या. एकोणीस वर्षांच्या पोरीचा दात.

"आतलं हाड झिजलंय," त्या म्हणाल्या. "जिभेवरचा धातूचा मणी रोज आपटून, रोज घासून."

मी विचारलं, "ही हिरडी भरून येईल ना?"

"नाही. केस कापले तर वाढतात, नख वाढतं. हिरडी परत येत नाही. आता आहे ती राखायची, एवढंच हातात आहे. टाळूचा तुकडा काढून लावता येतो, पण जिभेच्या बाजूला तो टिकेलच असं मी सांगणार नाही. आधी जिभेतून आरपार गेलेली ती मण्याची दांडी निघाली पाहिजे. आणि मला एक सांगा, दांडी एवढी लांब का ठेवलीय? भोक पाडल्यावर जीभ सुजते, म्हणून पहिली लांब घालतात. सूज उतरली की आखूड घालायची असते. ज्यानं हे केलं त्यानं परत बोलावलं नाही?"

ज्यानं हे केलं तो माझा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण इथे सांगते, इथे कुणी परकं नाही. तुझ्या त्या भोकं पाडायच्या दुकानात, हत्यारं शुद्ध करायच्या वाफेच्या डब्याशेजारी उभं राहून तूच मला शिकवलं होतंस: लांब दांडी थोड्या आठवड्यांची, मग आखूड, नाहीतर दात खातात मार. तुझ्या भिंतीवर तू स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली आहेस, 'दांडी बदलायला या'. सगळ्या गावाला सांगतोस, आणि स्वतःच्या भाचीला विसरलास? विसरला असतास तर मी एवढी चिडले नसते. विसरणं मला समजतं. तू विसरला नाहीस.

आखूड दांडी दातांपर्यंत पोचत नाही, म्हणून तू ती घातली नाहीस.

भोक बरं झाल्यावर तिला सापडलं, की मणी दातामागे टक् करून आपटला की अडकलेला शब्द सुटतो. तुझ्यासारखीच अडखळणारी पोर. 'प' आला की गळा ताठ, डोळे मिटलेले, समोरचा माणूस घड्याळाकडे बघतोय. आणि एकदम टक्, आणि वाक्य बाहेर! पहिला फोन तिनं तुला केला. मला नाही केला, ते असो. तिनं तुला सांगितलं की मामा, मी आज बसमध्ये स्वतःच्या तोंडानं तिकीट मागितलं. तू रडलास म्हणे. मीही रडले, पण मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हा आखूड दांडी डब्यातच राहिली. मामाला भाचीचा शब्द प्यारा झाला. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, माया आंधळी असते, चला. पण तू आंधळा नव्हतास, धाकट्या. या जगात हे ज्याला आधीच ठाऊक होतं असा एकच माणूस होता, आणि तो तू.

तू मांडीवर थाप मारायचास. आठवतं? थाप, आणि शब्द. सगळे खूश. मग एका थापेचं काम दोन थापांनी व्हायला लागलं. मग मांडी पुरेना, टेबल लागलं. युक्तीची धार बोथट होते आणि हात जड होत जातो. तोंडी परीक्षेला तू बाकावर मूठ आपटलीस आणि करंगळीचं हाड मोडून घेतलंस, तेव्हा तुझ्या शेजारी मी उभी होते. शब्द तरीही आला नव्हता.

भिंगरीचं तेच झालं. एका टक्‌चे तीन झाले, तिनाचे सहा. गेले काही महिने घरात पोर कमी आणि टकटक जास्त ऐकू येत होती. जितका उपयोग कमी तितकं आपटणं जास्त. आणि तिला वाटत होतं की आपलंच कुठेतरी चुकतंय, अजून नीट मारायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी काढायला सांगितल्यावर तिनं तोंड मिटून घेतलं. दांडी काढली की काही दिवसांत भोक बुजतं, परत घालता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. दात गेले तरी चालतील, असं तिनं मला मोबाइलवर लिहून दाखवलं. तोंडानं सांगितलं नाही, लिहून दाखवलं.

ती कुठे आहे हे मी तुला सांगायची गरज नाही. शुक्रवारपासून ती तुझ्या दुकानावरच्या खोलीत आहे आणि मला एक अक्षर कळवत नाही. मला ती परत पाठव असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी गुरुवार, तेवीस तारीख दिली आहे. त्या आत ती दांडी निघाली पाहिजे. तू घातलीस, तू काढ.

ताई

*

बुधवार, १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच चालव.

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या जुन्या सवयीप्रमाणे चार ओळी. 'ती काढायला तयार नाही. मणी प्लास्टिकचा लावतो. तू तिला जन्मात एक तरी वाक्य पुरं करू दिलंस का? बोटाला काय झालं? ती सांगत नाही.' एकेका ओळीचं उत्तर देते.

प्लास्टिकचं आधी. वा! मोर्च्यात मी लाकडी दांडकंही खाल्लंय आणि रबरीही. रबरी दांडक्यानं हाड मोडत नाही, असं मारणारे सांगतात, खाणाऱ्याला विचार. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. प्लास्टिकनं दाताचा टवका उडण्याची भीती कमी होते, हिरडीचं घासणं थांबत नाही. आणि जो मणी हलका लागेल तो ती पोर दुप्पट जोरानं आपटेल, हे त्यांना ठाऊक नाही, तुला आणि मला आहे. लोखंडी चूक प्लास्टिकची केल्यानं ती बरोबर होत नाही. गोदामाच्या मालकांकडून रोज असलेच तोडगे ऐकते मी. 'मॅडम, कामाचे तास कमी नाही करता येणार, पण पंखा बसवून देतो.' तू त्यांच्यात कधीपासून जाऊन बसलास?

वाक्य पुरं करण्याचं. हो, करते मी पुरं. औषधाच्या दुकानात मागे रांग लागलीय, दुकानदार तिच्या तोंडाकडे माकडाचा खेळ बघावा तसा बघतोय, पोरीच्या मानेच्या शिरा फुगल्यात. आईनं तिथे काय करावं? टाळ्या वाजवाव्यात? मी बोलून मोकळी होते. ते चुकीचं असेल तर असेल. तो आरोप मी घेत नाही, जसाच्या तसा तुला परत पाठवते. माझ्या बोलण्यानं तिचं हाड झिजलेलं नाही.

आता बोट.

तिनं सांगितलं नाही म्हणतोस. मलाही सांगायचं नव्हतं. रविवारी चार पानं लिहिली आणि या जागी येऊन वळण घेतलं. अक्षर वाकडं आलं त्याचं कारण नीट सांगते.

दवाखान्यातून उतरताना, जिन्यात. तिला काहीतरी बोलायचं होतं. टक्, टक्, टक्. शब्द सुटत नव्हता. आणि मी आत्ताच ते उघडं मूळ बघून आले होते. प्रत्येक टक् मला त्या मुळावर पडताना ऐकू येत होता. मी म्हटलं, "काढ ती." तिनं मान हलवली. "काढ म्हणते ना!" परत टक्, टक्. खाली रखवालदार वर बघायला लागला. मी तिची हनुवटी धरली आणि तिच्या तोंडात बोटं घातली. दांडीचा मणी पकडायला.

मी. गेटवर उभी राहून बायकांना सांगते, आपल्या अंगावर आपल्या मर्जीशिवाय कुणाचा हात पडू देऊ नका, मालकाचा नको, नवऱ्याचा नको. आणि टाळ्या घेते. तासाभरापूर्वी डॉक्टरीणबाईंना 'शरीर तिचं आहे' म्हणून सुनावून आलेली मी.

ती चावली. करकचून चावली, आणि चावली ते बरं केलं, दुसऱ्या कुणाच्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिचा सत्कार केला असता. पण ती कशानं चावली, ते ध्यानात घे. त्याच दातांनी. हलणाऱ्या. मी बोट ओढून घेतलं तर त्यावर रक्त होतं. त्यातलं माझं किती आणि तिच्या हिरडीचं किती, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. ती जिना उतरून गेली आणि तुझ्याकडे आली. त्या चाव्यानं तो दात आणखी सैल झाला का, हे तू तिला विचार, किंवा नको विचारूस. मला ते ऐकायचं आहे आणि नाहीही.

याची माफी मी तुझ्यामार्फत मागणार नाही. निरोप्या लागत नाही मला. ते माझं आणि तिचं आहे.

पण यामुळे माझा तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही. असं समजू नकोस की ताई आता खाली मान घालून बसेल. मी तिच्या तोंडात हात घातला तो क्षणभर. तुझी दांडी तिच्या तोंडात वर्षभर आहे.

आणि आता तुला सांगते, ती काढायला का तयार नाही. माझ्यामुळे नाही. तुझ्यामुळे. मागच्या वर्षी ती मला म्हणाली होती, "मामाचं कसं थाप मारून मारून गेलं, तसं माझंही जाईल." मला वाटलं, बोलतेय तर बोलू दे. तिला वाटतं तुझं अडखळणं गेलं! कारण दुकानात तू तोंडाला पट्टी बांधून मुक्यानं काम करतोस, गिऱ्हाइकाला पाटीवरची ओळ बोटानं दाखवतोस, फोन वाजला की वाजू देतोस. आणि करंगळी? 'चेंडू लागला होता.' तू तिला चेंडू सांगितलास, धाकट्या! तिनं मला विचारलं होतं, कुठल्या मॅचमध्ये. तू आयुष्यात चेंडूला हात लावलेला नाहीस.

मायेपोटी खोटं बोललास, मान्य. पण त्या खोट्यावर विश्वास ठेवून ती पोर दात आपटत बसली आहे. तिला वाटतं की आणखी थोडं, आणि शेवटी मामासारखं सुटेल. तिच्या तोंडातून ती दांडी चिमट्यानं निघणार नाही आणि बोटांनी तर नाहीच, ते मी करून बघितलं. तुझ्या करंगळीनं निघेल. तिला ती दाखव आणि खरं सांग. सांगताना अडखळलास तर अडखळ. तेवढं अडखळणं तिनं तुझ्या तोंडून ऐकायलाच हवं.

आणखी एक. भिंगरीसारखे लांब दांडीवाले आणखी किती आहेत, जे बदलायला परत आलेच नाहीत? पाटी लावून हात झटकता येत नाहीत. पाटी वाचते कोण? त्या सगळ्यांना फोन कर. तू कर.

ताई

*

रविवार, ५ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हे खरे आहेत, आता लगेच शेफारू नकोस.

तुझं पत्र दोन पानांचं आलं. बाबा असते तर त्यांनी ते चौकटीत लावलं असतं. तू करंगळी तिच्यासमोर धरलीस, 'बाक' या शब्दावर अडकलास आणि तिनं तुला तो शब्द दिला नाही, वाट बघितली, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. आणि मग ती तुझ्यावर ओरडली, ताटली आपटली, खोटारडा म्हणाली, दिवसभर जेवली नाही. उत्तम झालं. मला वाटत होतं घरात एकटी मीच रागीट आहे.

दांडी तिनं स्वतः काढली, तुझ्या आरशासमोर, स्वतःच्या हातानं, आणि तू फक्त दिवा धरलास. असंच व्हायला हवं होतं. मी जिन्यात जे करायला गेले ते किती उलटं होतं, हे मला तुझ्या त्या एका ओळीत कळलं. अधिक बोलत नाही.

तेवीस तारखेच्या गुरुवारी दवाखान्यात काय झालं ते तुला माहीत नाही, ते सांगते. तिनं मला मोबाइलवर दोनच शब्द पाठवले होते: बाहेर बस. मी बाहेर बसले. जबड्याचा प्लास्टरचा नमुना ठेवलाय तिथे, त्याचे दात मोजत बसले. दार नीट लागत नाही त्यांचं. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज, "हे केलं कुणी, ते तरी सांगशील?" मग काहीच नाही. टक् करायला आता मणी नव्हता. नुसता तिचा श्वास. डॉक्टरीणबाई तिच्या वतीनं अंदाज करू लागल्या, "मैत्रिणीनं? दुकानात?" आणि भिंगरीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किती वेळ लागला, सांगता येत नाही. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, गिळलं. शेवटी आलं. "मला हवं होतं म्हणून मी करून घेतलं. आता पु… पुढचं सांगा."

पुढचं असं: दातांच्या मागून बारीक तार चिकटवून हलणारे दोन शेजारच्यांना बांधले आहेत. हिरडीखालची सफाई झाली. डावा टिकेल म्हणतात. उजव्याचं वचन देत नाहीत. तो चावल्यामुळे एवढा सैल झाला की आधीच तसा होता, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. मला हे असंच घेऊन राहायचं आहे. राहीन. बाहेर पडताना मी तिला 'चुकले' म्हटलं. भाषण केलं नाही. ती म्हणाली, "हं." आणि बस पकडून तुझ्याकडे गेली. 'हं' वर काय बांधायचं ते मी बघेन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मी तुला सांगितलं होतं की त्या लांब दांडीवाल्यांना फोन कर. तुला. तू लिहितोस, 'फोन ती करते. मी नको म्हटलं, ऐकत नाही. लोक लाइन खराब आहे समजून ठेवून देतात, ती परत लावते.' हे वाचून माझं रक्त उसळलं. जिची हिरडी गेली तिनंच जगाला सांगत फिरायचं? तेही फोनवर, जिथे तिला सगळ्यात जड जातं? आणि दुकानाचा मालक काय करतोय, चहा?

तडक निघाले. काल दुपारी. तुझ्या समोरच्या फुटपाथवर, त्या चपलांच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिले. काचेतून सगळं दिसतं तुझं. ती तुझ्या उंच स्टुलावर, फोन कानाला. मान ताठ. डोळे मिटलेले. फोन खाली. परत लावला. मान ताठ. सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेली, मी गेले नाही. ते सगळे फोन मी एका दुपारीत संपवले असते, धाकट्या. एका दुपारीत. प्रत्येकाला असं झणझणीत सांगितलं असतं की तिथल्या तिथे दांड्या काढून टाकल्या असत्या लोकांनी. सिग्नल पुन्हा हिरवा झाला. पुन्हा नाही गेले. पाय उचलत होता, मी परत ठेवत होते.

आणि मग तिला लागला कुणाचा तरी फोन. समोरचा ऐकतोय हे तिच्या खांद्यांवरून कळलं मला. ती बोलत होती, अडकत होती, परत मागे जाऊन तोच शब्द धरत होती. एका जागी फारच अडकली.

तेव्हा तू पुढे वाकलास. मी बघितलं. तुझी पट्टी गळ्यात होती आणि तुझे ओठ हलले. शब्द तू देत होतास तिला.

खबरदार! मला 'जन्मात एक तरी वाक्य' लिहून पाठवणारा तू! मागे टेकून बस. हात मांडीवर ठेव, थाप मारू नकोस, तोंड मिट. तिच्याकडे बघवत नसेल तर भिंतीकडे बघ. तुला तिची कीव येते, मलाही येते. पण मी सबंध रस्ता मध्ये ठेवून थांबू शकते, तर तुला एका टेबलापलीकडे थांबता आलं पाहिजे. समोरचा फोन ठेवील. ठेवू दे. ती परत लावील.

रस्त्यापलीकडून,
ताई